चिकित्सालयातील संगणक : रुग्णपत्रके कोठे ठेवावी व कशी शोधावी

सन २०२२ च्या डिसेंबरात एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आमच्या चिकित्सालयात आले. मुलाकडे परगावी राहण्यास गेल्यामुळे मधली सहा वर्षे त्यांचे येणे नव्हते. दोन्ही जानुसंधींच्या ठिकाणी शूल, शोथ व सकाळची स्तब्धता अशी तक्रार होती. परीक्षण झाले. ऋतू हेमंत, रुग्णाचे बल मध्यम, कोष्ठ क्रूर, पित्ताची लक्षणे फारशी नाहीत, असा विचार करून भल्लातकयुक्त कल्प देण्याचे आम्ही योजिले आणि तो कागदावर लिहिलाही. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, यांना मागे तुमच्याच एका औषधानं अंगभर उठलं होतं. आठ दिवस झोप नव्हती. औषधाचं नाव आम्हाला सांगता येणार नाही, पण तुम्ही तेव्हा संगणकात लिहून घेतलं होतंत."

आम्ही लिहून घेतले होते हे आम्हांसही अंधुक आठवत होते. मात्र कोठे लिहिले, हे सांगता येईना. बाहेर सात-आठ रुग्ण बसलेले असताना आम्ही वीस मिनिटे संगणकाशी झटापट केली. रुग्णाचे नाव घालून शोध घेतला, 'भल्लातक' घालून घेतला, 'शीतपित्त' घालून घेतला. काहीही हाती लागले नाही. अखेर संशयाचा फायदा रुग्णास देऊन भल्लातक खोडले, रास्नासप्तक काढा व बाह्य स्नेहन-स्वेदन योजिले आणि त्यांना निरोप दिला.

चौथ्या दिवशी रात्री ते रुग्णपत्रक सापडले. डेस्कटॉपवरील 'जुने' या फोल्डरमध्ये 'न्यू फोल्डर (३)' होते, त्याच्या आत मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाची चित्रे होती आणि त्या चित्रांच्या गर्दीत ती फाइल होती. फाइलचे नाव म्हणजे इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक खिचडी होती. आत शेवटच्या ओळीत आम्हीच लिहिले होते : भल्लातकाने सार्वदेहिक कंडू, पिटिका, मुखशोथ. पुन्हा देऊ नये.

चरकाचार्यांनी ज्या द्रव्याची तुलना अग्नीशी केली, ते द्रव्य असात्म्य असलेल्या रुग्णास दुसऱ्यांदा देण्यापासून आम्ही वाचलो, ते एका गृहिणीच्या स्मरणशक्तीमुळे. आमच्या नोंदीचा त्यात काहीही वाटा नव्हता. या प्रसंगानंतर संगणकातील फाइलींची व्यवस्था आम्ही मुळापासून शिकून घेतली. चिकित्सालय घरातच, संगणक एकच आणि तो घरातील सर्वांचा, अशी आमच्यासारखीच स्थिती असणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींसाठी तो अभ्यास येथे मांडीत आहोत. ज्यांच्याकडे स्वतंत्र रुग्णनोंदणी प्रणाली व ती चालविणारा सहायक आहे, त्यांस यात नवे काही मिळणार नाही.

फाइलचा पत्ता

फाइल व फोल्डर यांना संचिका, धारिका असे प्रतिशब्द आहेत. परंतु कोणता शब्द कशासाठी, याविषयी एकवाक्यता नाही. म्हणून आम्ही रूढ शब्दच वापरीत आहोत. फाइल म्हणजे एक लेख, एक छायाचित्र किंवा एक तपासणी-अहवाल. फोल्डर म्हणजे अशा फाइली ठेवण्याचा कप्पा. कप्प्यात आणखी कप्पे करता येतात. हे सर्व कप्पे ज्या मोठ्या कपाटात असतात त्यास ड्राइव्ह म्हणतात. पहिले कपाट 'सी' या अक्षराने का सुरू होते, असा प्रश्न आम्हांस पूर्वी पडत असे. 'ए' व 'बी' ही अक्षरे फ्लॉपीच्या यंत्रांसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरांचा क्रम राहिला.

कुष्ठचिकित्सा कोठे आहे असे विचारल्यास आपण संहितेची पाने चाळीत बसत नाही. 'च. चि. ७' एवढे म्हटले की ग्रंथ, स्थान व अध्याय हे तिन्ही कळतात. आठ स्थाने आणि १२० अध्याय असलेला ग्रंथ विद्यार्थ्यास हाताळता येतो, तो या व्यवस्थेमुळेच. संगणकातील प्रत्येक फाइलला असाच पत्ता असतो. 'डी:\रुग्णपत्रके\०४१२' याचा अर्थ 'डी' नावाच्या कपाटात 'रुग्णपत्रके' हा कप्पा आणि त्यात '०४१२' हा आतील कप्पा. उलट्या तिरक्या रेघेचा अर्थ 'याच्या आत' असा वाचावा. एवढे समजले की निम्मे काम झाले, असा आमचा अनुभव आहे. आमचे बहुतेक समव्यवसायी फाइल 'उघडतात', परंतु ती कोठून उघडली हे पाहत नाहीत.

हे पाहण्याचे साधन म्हणजे फाइल एक्सप्लोरर. कळफलकावरील विंडोजची कळ दाबून धरून 'ई' दाबावी. डाव्या बाजूस कपाटे व नेहमीचे कप्पे दिसतात, उजवीकडे निवडलेल्या कप्प्यातील वस्तू दिसतात आणि वरच्या पट्टीत आपण या क्षणी कोठे आहोत त्याचा पत्ता दिसतो. एक दिवस केवळ हिंडण्यासाठी द्यावा. काहीही पुसू नये व हलवू नये. आत जावे, वरची पट्टी वाचावी, बाणाच्या खुणेने मागे यावे. आमच्याकडे विंडोज ११ आहे, त्यामुळे पुढील वर्णन त्यास धरून आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, रुग्णांची माहिती असलेला संगणक त्यावर चालत असल्यास जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा.

हिंडताना दोन गोष्टी ध्यानात येतील. डेस्कटॉप, म्हणजे संगणक सुरू होताच समोर दिसणारा पडदा, हाही एक फोल्डरच आहे. तो दाराशेजारच्या टेबलासारखा आहे; घाईत जे हातात असेल ते तेथे पडते. दुसरी गोष्ट म्हणजे 'डाउनलोड्स'. प्रयोगशाळेने व्हॉट्सअॅपवर पाठविलेला अहवाल संगणकावर उतरविला की तो सामान्यतः येथे येऊन पडतो. 'रिपोर्ट' नावाची फाइल आधीच असली तर पुढची 'रिपोर्ट (१)', त्यापुढची 'रिपोर्ट (२)' होते. आमच्या 'डाउनलोड्स'मध्ये अशा 'रिपोर्ट' फाइली चौतीसपर्यंत गेल्या होत्या. कोणता अहवाल कोणाचा, हे प्रत्येक फाइल उघडल्यावाचून कळण्यास मार्ग नव्हता.

काही संगणकांवर डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे कप्पे वनड्राइव्ह नावाच्या कप्प्याच्या आत गेलेले आढळतात. याचा अर्थ त्यांतील फाइलींची प्रत इंटरनेटवरून कंपनीच्या साठ्यातही जात आहे. त्यात अनिष्ट असे काही नाही, परंतु रुग्णांची माहिती आपल्या नकळत घराबाहेर जाऊ नये. वरच्या पट्टीत तो शब्द दिसतो का, हे एकदा पाहावे.

व्याधीनुसार की रुग्णानुसार

या प्रश्नावर आमची वर्षे वाया गेली, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

संगणक घेतला तेव्हा, २००९ साली, आम्ही मोठ्या उत्साहाने व्याधींचे फोल्डर केले. ज्वर, अतिसार, ग्रहणी, अर्श, पांडू असे माधवनिदानाच्या क्रमाने ते मांडले. दिसावयास ती व्यवस्था सुंदर होती. परंतु संहिता व्याधीनुसार लिहिलेली असली तरी रुग्ण त्या क्रमाने येत नाहीत. प्रमेहाचा रुग्ण दोन वर्षांनी पायाचा व्रण घेऊन आला. त्यास कोठे ठेवावे? आम्ही रुग्णपत्रकाची एक प्रत 'प्रमेह'मध्ये ठेविली, दुसरी 'व्रण'मध्ये. पुढील भेटीत एका प्रतीत नोंद केली, दुसरी तशीच राहिली. आता एकाच रुग्णाची दोन पत्रके झाली व दोन्ही अर्धी खरी. याहून वाईट म्हणजे निदान बदलते. प्रथम आमवात वाटलेला रुग्ण पुढे वातरक्ताचा ठरतो. तो मात्र 'आमवात' या कप्प्यातच पडून राहतो आणि आपण त्यास 'वातरक्त'मध्ये शोधीत बसतो.

मग वर्षानुसार फोल्डर करून पाहिले. दहा वर्षे येणाऱ्या रुग्णाची पत्रके दहा कप्प्यांत विखुरली.

आमच्या तीर्थरूपांचे रजिस्टर तेव्हाही फडताळात होते. नव्या रुग्णास ते एक क्रमांक देत, तो केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत आणि केसपेपर क्रमांकाने गठ्ठ्यात लावीत. रुग्णाने क्रमांकाची चिठ्ठी हरविली तर रजिस्टरात नाव पाहून क्रमांक काढीत. कोणताही जुना कागद त्यांस पाच मिनिटांत मिळे. संगणक आला म्हणून तो क्रमांक आता अनावश्यक, असे ठरवून आम्हीच तो बंद केला होता. २०२३ च्या आरंभी तो पुन्हा सुरू केला.

आता 'डी' ड्राइव्हवर 'रुग्णपत्रके' हा एकच मोठा कप्पा आहे व त्यात प्रत्येक रुग्णाचा एक फोल्डर : '०४१२-आडनाव-नाव' अशा पद्धतीने. त्या रुग्णाचे रुग्णपत्रक, अहवाल व व्रणाची किंवा त्वचेची छायाचित्रे सर्व तेथेच. आणखी उपकप्पे आम्ही करीत नाही. एका रुग्णाच्या वीस-पंचवीस फाइलींसाठी त्यांची गरज पडत नाही आणि खोली जितकी वाढते तितके विस्मरण वाढते. एक वस्तू एकाच ठिकाणी, हा नियम मात्र काटेकोर पाळतो.

मग आमवाताचे सर्व रुग्ण एकत्र पाहावयाचे झाल्यास काय करावे? शोधनिबंधासाठी ही गरज पडतेच. त्यासाठी एक्सेलमध्ये एक तक्ता केला आहे. क्रमांक, वय, लिंग, प्रथम भेटीचा दिनांक, निदान, बदललेले निदान आणि असात्म्य द्रव्य असे सातच रकाने. निदानाच्या रकान्यात गाळणी लावली की आमवाताचे क्रमांक समोर येतात आणि क्रमांकावरून फोल्डर. व्याधीचा विचार तक्त्यात, रुग्णाची वस्तू फोल्डरमध्ये. तीर्थरूपांचे रजिस्टर व गठ्ठा यांहून हे वेगळे नाही.

नाव देण्याविषयी

वर्डमध्ये नवी फाइल प्रथम साठविताना कार्यक्रम स्वतःच एखादे नाव सुचवितो. लिहिलेल्या मजकुराची पहिली ओळ तो नाव म्हणून पुढे करतो. आम्ही २०१६ पर्यंत जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात लिहीत असू. त्या पद्धतीत पडद्यावर 'भ' दिसला तरी संगणकाच्या दृष्टीने ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. फाँटाने केवळ त्यास 'भ'चे रूप दिलेले असते. फाइलच्या नावास तो फाँट लागू होत नाही, म्हणून नाव निरर्थक खिचडीसारखे दिसते. शिक्षकांच्या पत्रकाचे तेच झाले होते. आम्ही शोधाच्या चौकटीत 'भल्लातक' लिहिले ते युनिकोडमध्ये, आणि फाइलीत तो शब्द त्या रूपात कोठेच नव्हता. संगणकाने 'आढळले नाही' असे सांगितले ते त्याच्या परीने खरेच होते.

देवनागरी लिपी युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे. त्यामुळे आता रुग्णांची नोंद जुन्या फाँटात करण्यास कोणतेही समर्थन उरलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. इनस्क्रिप्ट कळफलक शिकण्यास आम्हांस साधारण तीन आठवडे लागले. जुना मजकूर युनिकोडमध्ये पालटणारी साधने मिळतात. परंतु पालटल्यानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावे. औषधाच्या मात्रेचे आकडे तर मूळ मजकुराशी ताडूनच पाहावे.

दिनांक लिहिताना वर्ष आधी लिहावे. संगणक नावे डावीकडून वाचून क्रम लावतो. '०३-११-२०२१', '०४-०२-२०१९', '०५-०१-२०२४' अशी नावे दिल्यास ती याच क्रमाने लागतात, म्हणजे २०२१ नंतर २०१९ येते. '२०१९-०२-०४', '२०२१-११-०३', '२०२४-०१-०५' असे लिहिल्यास व्याधीचा इतिहास आपोआप कालक्रमाने लागतो. दिनांकात तिरकी रेघ मात्र घालता येत नाही. विंडोज ती नावात स्वीकारीत नाही. प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण, कोलन ही चिन्हेही चालत नाहीत, म्हणून 'आमवात?' असे संशयित निदान नावात लिहू नये. क्रमांक '४१२' असा न लिहिता '०४१२' असा चार अंकी लिहावा. विंडोजचा एक्सप्लोरर अंकांची किंमत ओळखतो, परंतु सर्वच ठिकाणी तसे होत नाही आणि मग १० नंतर २ येतो. येथे छपाईसाठी देवनागरी अंक दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलींच्या नावांत आम्ही इंग्रजी अंकच वापरतो. कोणतेही वापरावे, पण मिसळू नये.

नाव बदलण्यासाठी फाइल एकदा निवडून 'एफ २' ही कळ दाबावी. चुकले तर 'कंट्रोल' व 'झेड'.

हलविणे, पुसणे व एक सावधगिरी

माऊसने फाइल ओढून त्याच ड्राइव्हच्या दुसऱ्या कप्प्यात टाकली तर ती हलते. दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर टाकली तर तिची प्रत होते. हा भेद ठाऊक नसल्यामुळे एकाच अहवालाच्या तीन प्रती होतात, किंवा प्रत केली या समजुतीने मूळच दुसरीकडे जाते. आम्ही ओढणे सोडून दिले आहे. 'कंट्रोल' व 'एक्स' (उचलणे), 'कंट्रोल' व 'सी' (प्रत घेणे), मग योग्य ठिकाणी 'कंट्रोल' व 'व्ही' (ठेवणे) या कळांनी काय होत आहे ते निश्चित कळते. पुसलेली फाइल सामान्यतः रिसायकल बिनमध्ये जाते व तेथून परत आणता येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली तेथे जात नाही.

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तिचा प्रकार लिहिलेला असतो आणि विंडोज तो मुळात लपवून ठेवते. मे २००० मध्ये प्रेमपत्राचे सोंग घेतलेला एक संगणक-विषाणू ईमेलद्वारे जगभर पसरला. साध्या मजकुराची फाइल आहे असे भासविणारे नाव आणि त्यामागे लपलेला खरा प्रकार, ही त्याची युक्ती होती. प्रयोगशाळेच्या नावाने येणाऱ्या फाइलींबाबत आजही हे संभवते. एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' निवडावे. मग अहवाल म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी 'ईएक्सई' ही अक्षरे दिसली तर ती उघडू नये.

घरातील संगणकावर प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते उघडता येते व त्यास संकेतशब्द ठेवता येतो. प्रत्येक खात्याचे डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स वेगळे असतात, त्यामुळे मुलीची चित्रे आता आमच्या कप्प्यात येत नाहीत. 'डी'वरील कप्पा मात्र या वाटणीत आपोआप येत नाही; तो इतर खात्यांना बंद करून घ्यावा लागतो. आम्ही ते जाणकाराकडून करून घेतले. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. कायदा नसता तरी योनिव्यापद् किंवा क्लैब्याच्या रुग्णाचे पत्रक घरच्यांच्या दृष्टीस पडणे वैद्यास शोभणारे नव्हते.

प्रत घेण्याविषयी एवढेच सांगतो. दर शनिवारी रात्री संपूर्ण 'रुग्णपत्रके' कप्पा आम्ही बाह्य हार्ड डिस्कवर उतरवितो व ती डिस्क भावाच्या घरी ठेवितो. पूर्वी ती संगणकाच्याच टेबलाच्या खणात असे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील आमच्या एका स्नेही वैद्यांच्या चिकित्सालयात पाणी शिरले, तेव्हा केसपेपर, संगणक व खणातील डिस्क तिन्ही एकाच पाण्यात गेली.

जुन्या फाइली नव्या व्यवस्थेत आणण्याचे काम आम्ही एकदम केले नाही. रोज रात्री दहा फाइली, एवढाच संकल्प ठेविला. उघडावयाची, कोणाची ते वाचावयाचे, क्रमांक द्यावयाचा, नाव बदलावयाचे, जागेवर ठेवावयाची. सुमारे अकराशे फाइलींसाठी पाच महिने लागले. त्यांपैकी तेवीस पत्रकांत एखादे द्रव्य असात्म्य असल्याची नोंद आमच्याच हस्ते केलेली आढळली व त्यांतील नऊ आम्ही साफ विसरलो होतो. अशा प्रत्येक रुग्णाच्या फोल्डरमध्ये आम्ही आता एक लहानशी फाइल ठेवितो. तिचे नाव '००' या अंकांनी सुरू होते, म्हणून फोल्डर उघडताच ती सर्वांत वर दिसते आणि ती उघडण्याचीही आवश्यकता नसते. शिक्षकांच्या फोल्डरमधील त्या फाइलचे नाव आहे : '००-सावधान-भल्लातक-देऊ-नये'.